आधी मोटरची जागा, मग गिअर

सायकलला मोटर बसवून देणाऱ्या कारागिराकडे पुण्यात तासभर बसलं, की गिऱ्हाइकांचे प्रश्न पाठ होतात. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल? बॅटरी किती वर्षं टिकेल? पावसात शॉक बसणार नाही ना? चांदणी चौकाचा चढ चढेल का? गिअरबद्दल सहसा कोणी विचारत नाही. मोटर आली म्हणजे पायाचं काम गेलं आणि पायाचं काम गेलं म्हणजे गिअरचंही गेलं, असा सार्वत्रिक समज आहे. काही महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं. चेन सारखी पडते, गिअर बदलताना कडकन आवाज येतो, सिग्नलला थांबल्यावर सायकल जागची हलत नाही, अशा तक्रारी असतात. दोष मोटरला दिला जातो. बहुतेक वेळा मोटर निर्दोष असते. तिच्याशी न जुळणारा गिअर तिच्या गळ्यात बांधलेला असतो.

घरातली जुनी, चांगली सायकल विजेवर चालवावी, हा विचार मला मनापासून पटतो. रॅले, हर्क्युलिस किंवा अॅटलसची सायकल माळ्यावर गंजत पडण्यापेक्षा तिला पाव किलोवॉटची मोटर लावून रोज दहा-पंधरा किलोमीटर पळवणं केव्हाही चांगलं. पण मग ती नीट पळायला हवी. त्यासाठी एक निर्णय डोकं शांत ठेवून घ्यावा लागतो: मागच्या चाकाच्या पोटात बंद असलेला हब गिअर ठेवायचा, की बाहेर लोंबणारा, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर?

या दोन्ही युक्त्या मोटरच्या कल्पनेपेक्षा जुन्या नाहीत, पण सायकलला मोटर सर्रास लागू लागली त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत, आणि दोन्ही फक्त माणसाच्या पायांसाठी घडल्या. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला 1902 साली स्टर्मी-आर्चर कंपनी उभी राहिली. रॅलेचे मालक फ्रँक बाउडन यांचा तिच्यामागे हात होता. तिचा तीन गिअरचा हब पुढे साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात पोचला. त्यातला सर्वांत प्रसिद्ध ‘एडब्ल्यू’ हा हब 1930च्या दशकात आला आणि इतका टिकाऊ निघाला, की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे नग आजही तेल घालून फिरवता येतात. आत एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि त्यांना वेढणारं कडं. मधल्या गिअरला चाक चेनच्या चक्राइतकंच फिरतं, खालच्याला पाऊण पट, वरच्याला एक पूर्णांक एक तृतीयांश पट. बास, एवढाच हिशेब. कारखाना 2000 साली नॉटिंगहॅममधून उठला, तैवानच्या सनरेसने तो विकत घेतला आणि तीन गिअरचा हब अजून बनतो आहे.

डिरेलरचा जन्म फ्रान्सच्या डोंगराळ भागातला. सेंत एतियेन गावचे पॉल द व्हिवी ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत आणि चढावर एकच गिअर घेऊन झुंजण्यापेक्षा गिअर बदलावा, असा प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून करत. तूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांना हे मान्य नव्हतं. गिअर हा म्हाताऱ्यांसाठी आहे, अशा मताचे ते होते. स्पर्धेत डिरेलरला मुभा मिळाली ती 1937 साली, देग्रांज बाजूला झाल्यावर, आणि त्याच वर्षी डिरेलर वापरणारा रोजे लापेबी जिंकला. पुढे 1964 मध्ये जपानच्या सनटूरने तिरक्या समांतरभुज चौकोनाची रचना काढली आणि 1980च्या दशकात शिमानोने एका खटक्याला एक गिअर असा काटेकोर खटका आणला. आज आपल्याकडे शाळकरी मुलांच्या सायकलीवरही तोच वंश दिसतो.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. एका यंत्राची घडण सपाट गावात, पावसात, सूट-बूट घालून कामावर जाणाऱ्यासाठी झाली. दुसऱ्याची घडण डोंगर चढणाऱ्यासाठी, जो रोज संध्याकाळी चेन पुसतो आणि तेल घालतो. मोटर लावली तरी दोघांचे मूळ स्वभाव सुटत नाहीत.

आता मोटरकडे येऊ. बाहेरून बसवायचे संच तीन प्रकारचे असतात: मागच्या चाकातली मोटर, पुढच्या चाकातली मोटर आणि पायडलच्या आसाशी, म्हणजे बीबीमध्ये बसणारी मधली मोटर. गिअरचा निम्मा निर्णय इथेच होऊन जातो आणि तो कोणी सांगत नाही म्हणून लोक फसतात.

मागच्या चाकात मोटर घेतली, तर हब गिअरचा विषय संपला. ज्या जागेत हब गिअर बसायचा तिथे मोटर बसली. उरतं ते मोटरच्या बाजूला आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील आणि त्याच्यासाठी डिरेलर. आपल्या बाजारात तयार मिळणाऱ्या विजेच्या सायकली बहुतांश याच पद्धतीच्या: 36 व्होल्ट, 250 वॉट, मागे सात चक्रं. इथे एक खुलासा करायला हवा, कारण दुकानदार ‘गिअरवाली हब मोटर’ असं म्हणतो आणि घेणाऱ्याचा गैरसमज होतो. त्या मोटरच्या आत ग्रहचक्रं असतात खरी, पण ती मोटरचा वेग एका ठरावीक प्रमाणात कमी करण्यासाठी. ते प्रमाण बदलता येत नाही. तुमच्या हाताच्या खटक्याशी त्यांचा काही संबंध नाही.

पुढच्या चाकात मोटर घेतली, तर मागचं चाक मोकळं राहतं. तिथे हब गिअर बसवा, डिरेलर ठेवा, नाहीतर साधी एकच चकती. मोटरचा जोर चेनमधून जातच नाही. मागच्या गिअरवर फक्त तुमच्या पायांचा भार येतो, म्हणजे ज्या कामासाठी तो घडला तेवढाच.

मधल्या मोटरचं सगळंच वेगळं. बाफांग किंवा टाँगशेंगच्या मोटरी या प्रकारच्या. मोटर क्रँकवर जोर लावते आणि तो चेनमधून, मागच्या गिअरमधून चाकाकडे जातो. म्हणून गिअर बदलला की मोटरचाही गिअर बदलतो. चढावर खालचा गिअर टाकला, की मोटर तिच्या सोयीच्या वेगात फिरत राहते आणि चाक सावकाश पण जोरात फिरतं. मधल्या मोटरची घाटातली कीर्ती त्यामुळेच. चाकातल्या मोटरला ही सोय नाही. ती चाकाशी बांधलेली. चढावर सायकल बारा किलोमीटरच्या वेगावर आली, की मोटरही निम्म्या वेगावर येते, आणि तिथे मिळालेल्या विजेचा मोठा हिस्सा जोर न होता उष्णता होतो. डिरेलरचा गिअर कितीही खाली घेतला तरी त्या मोटरला त्याची मदत होत नाही, फक्त तुमच्या गुडघ्यांना होते. सिंहगडासारखा लांब घाट चाकातल्या मोटरने चढायचा असेल, तर मध्ये थांबून तिला थंड होऊ द्यावं लागतं. दमलेल्या माणसालाही तो थांबा हवाच असतो.

मधल्या मोटरचं हे वरदान गिअरला मात्र महागात पडतं. थोडं गणित करू, कारण याच ठिकाणी भावनेपेक्षा आकडे उपयोगी आहेत. सत्तर किलोचा माणूस 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला, की क्रँक आडवा असताना त्यावर सुमारे 117 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. पण तो क्षणभरच. पाय खाली गेला की पीळ जवळपास शून्य होतो, मग दुसऱ्या पायाचा येतो. मधली मोटर यावर आपले 80 न्यूटन-मीटर घालते आणि तिचा जोर खाली-वर होत नाही. दोन्ही मिळून जवळजवळ 197. पुढे 44 दाते असतील, तर चेनवर सव्वादोनशे किलोच्या वजनाइतका ताण येतो. मागे 20 दाते असतील, तर हबच्या आत जाणारा पीळ 197 गुणिले 20 भागिले 44, म्हणजे नव्वदच्या आसपास. आता चढ सोपा व्हावा म्हणून कोणी पुढची चकती बदलून 32 दात्यांची लावली आणि मागे 22 घेतले, तर तोच आकडा एकशेपस्तीसवर जातो. हब तोच, मोटर तीच, चालवणारा तोच. फक्त दात्यांचं प्रमाण बदललं आणि आतल्या चक्रांवर दीडपट भार आला. म्हणूनच हब बनवणाऱ्या कंपन्या पुढचे दाते मागच्यांच्या किमान किती पट असावेत, हे ठरवून देतात. तीन गिअरच्या हबला साधारण दोन पट हे जुनं, अनुभवाचं प्रमाण. त्याखाली जाऊ नये. जर्मनीच्या रोलॉफने 1998 पासून बनवलेला चौदा गिअरचा, तेलात बुडालेला हबही हे बंधन घालतो, आणि तो या जातीतला सर्वांत दणकट मानला जातो.

पीळ एक वेळ सोसवतो. हब मरतो तो पिळाखाली गिअर बदलल्यावर. पायाने चालणाऱ्या सायकलीवर आपण न शिकवता एक गोष्ट करतो: खटका दाबताना पायाचा जोर क्षणभर सोडतो. हब गिअरला तेवढीच फट हवी असते, आतले खटके एका घरातून दुसऱ्या घरात जातात. मधल्या मोटरला तुमच्या मनातलं कळत नाही. पाय सैल झाला तरी ती आणखी काही क्षण ढकलत राहते, आणि खटके अर्धे आत अर्धे बाहेर असताना त्यांच्यावर पूर्ण भार येतो. कड् असा आवाज येतो तो त्याचाच. उपाय दोन आहेत. गिअरच्या वायरवर एक छोटा सेन्सर बसवता येतो, वायर हलली की तो मोटरला क्षणभर गप्प करतो. मधल्या मोटरबरोबर हब गिअर घेणाऱ्याने हा खर्च टाळू नये. दुसरा उपाय फुकटचा: संचाबरोबर येणाऱ्या ब्रेकच्या दांड्यात मोटर तोडणारा स्विच असतो, खटका दाबताना तो दांडा बोटभर ओढायचा. आठवड्याभरात हाताला सवय होते. डिरेलरलाही भाराखाली बदललेला गिअर आवडत नाही, पण त्याचं नुकसान डोळ्यांना दिसतं आणि स्वस्तात भरून निघतं. चेन तुटली तर जोडता येते, चकती झिजली तर बदलता येते. हबच्या आतलं चक्र तुटलं तर आपल्याकडे सुटा भाग मिळण्याची शक्यता फार कमी.

शिमानोने 2019 मध्ये विजेच्या सायकलींसाठी पाच गिअरचा वेगळा हब आणला आणि 2021 मध्ये जास्त टिकणाऱ्या जाड दात्यांच्या चकत्यांची ‘लिंकग्लाइड’ मालिका. कंपनीच्या सांगण्यानुसार त्या आधीच्या चकत्यांच्या तिप्पट टिकतात. दोन्ही घटनांचा अर्थ एकच: मोटरच्या जोराने जुने गिअर लवकर झिजतात, हे कारखान्यांनाही मान्य आहे.

मग किती गिअर हवेत? इथे कायदा आपल्या मदतीला येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर पाव किलोवॉटहून कमी, वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ब्रेक आणि परावर्तक लावून ती सायकल मोटार वाहन गणली जात नाही. परवाना नको, पासिंग नको. पाचशे आणि साडेसातशे वॉटचे संच सर्रास विकले जातात, पण ते या सवलतीच्या बाहेरचे आहेत आणि अपघात झाला तर ते महागात पडेल. तर आपली वरची मर्यादा 25. सायकलचं चाक एका फेऱ्यात साधारण 2.1 मीटर जातं. पंचविसाच्या वेगाला ते मिनिटाला 198 फेरे घेतं. पायडल मिनिटाला 66 फेरे, म्हणजे आरामात, फिरवायचं तर चाक पायडलच्या तिप्पट फिरलं पाहिजे. तीनच्या वरचा गिअर आपल्या काही कामाचा नाही. एकवीस-चोवीस गिअरच्या सायकलींत सगळ्यात वरचे काही गिअर मोटर लावल्यावर शोभेला उरतात.

आता खालची बाजू. माणूस, सायकल, बॅटरी, डबा मिळून शंभर किलो धरू. आठ टक्क्यांचा चढ ताशी बारा किलोमीटरने चढायला 290 वॉटच्या आसपास ताकद लागते. मोटर आपल्या क्षमतेइतकी आणि पाय शंभरेक वॉट देत असतील, तर हे जमतं. बारा किलोमीटरला पायडल मिनिटाला साठ फिरवायचं तर 1.6चं प्रमाण पुरतं. आणि ही पाहा मजेची गोष्ट. पुढे 44, मागे 20 दाते आणि शिमानोचा तीन गिअरचा नेक्सस हब घेतला, तर त्याचा खालचा गिअर 1.61 आणि वरचा बरोबर 3.0 येतो. सात चक्रांचं नेहमीचं 14 ते 28 दात्यांचं फ्रीव्हील घेतलं, तर 1.57 ते 3.14. म्हणजे दोन टोकं जवळजवळ सारखी! सात गिअर मिळतात म्हणून डिरेलर घेणाऱ्याला टोकाला जास्तीचं काही मिळत नाही, मधल्या पायऱ्या मिळतात. आणि मधल्या पायऱ्यांची गरज मोटर भागवते. पायांना जिथे एक गिअर जड आणि दुसरा हलका वाटला असता, तिथे मोटर थोडा जास्त जोर लावून ती फट भरते. माझ्या मते मोटर लावलेल्या शहरी सायकलीला तीन गिअर पुरे आहेत, हे या साध्या गणितातून दिसतं.

याहून उभे चढ रोजच्या वाटेवर असतील तर गोष्ट वेगळी. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडचे गावरस्ते लांब नसतात, पण मध्येच अंगावर येतात. तिथे 34 दात्यांची मोठी चकती असलेलं फ्रीव्हील लावून 1.29पर्यंत खाली जाता येतं. आठ गिअरचा नेक्सस हब 1.16 देतो, सात गिअरचा 1.39. आणि बॅटरी घाटाच्या मध्यावर संपण्याचा प्रसंग कधीतरी येतोच. पंचवीस किलोची सायकल मोटरशिवाय चढवायची झाली, तर यातला कोणताच गिअर तुम्हाला वाचवत नाही, उतरून ढकलावं लागतं. त्यासाठी गिअर नव्हे, बॅटरीचा अंदाज सुधारावा.

हब गिअर जोर खातो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा आहे पण फार मोठा नाही. चेस्टर काइल आणि फ्रँक बर्टो यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हब गिअर सरासरीने डिरेलरपेक्षा दोनेक टक्के मागे पडले. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 360 वॉट-तास असतात. दोन टक्के म्हणजे सात वॉट-तास, म्हणजे पाऊणएक किलोमीटर. तेही फक्त मधली मोटर असेल तर, कारण चाकातल्या मोटरीचा जोर मागच्या गिअरमधून जातच नाही. शिवाय ही मोजणी स्वच्छ, तेल घातलेल्या चेनवरची. जुलै महिन्यात मुळा-मुठेच्या पुलांवरून आणि खोदलेल्या रस्त्यांवरून आलेल्या डिरेलरची चेन तशी नसते.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे चार महिने तोच खरा परीक्षक असतो. डिरेलर उघडा असतो. चिखल, वाळू, झाडाची पानं, एखाद्याची प्लॅस्टिकची पिशवी, सगळं त्याच्या दोन छोट्या चाकांत जाऊन बसतं. आठवड्यातून एकदा चेन पुसून तेल घातलं नाही, तर ती किरकिरते, मग उड्या मारते. कोकणात खारी हवा असते, तिथे स्वस्त डिरेलरचे स्प्रिंग आणि स्क्रू गंजून जाम होतात. हब गिअर असलेल्या सायकलीला चेन एकाच रेषेत राहते, म्हणून पूर्ण बंद चेनकव्हर बसवता येतं, आपल्या काळ्या सायकलींना असायचं तसं. धोतर, साडी, पँट कशालाच तेल लागत नाही आणि चेनला चिखल लागत नाही. नेदरलँड्समध्ये बाराही महिने पावसात उभ्या राहणाऱ्या सायकलींना हब गिअर असतात ते याच कारणाने. फक्त एक पथ्य पाळायचं: गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली हब धरायचा नाही. पाणी सीलमधून आत जातं, आतलं ग्रीस दुधाळ होतं आणि मग आवाज सुरू होतो.

सिग्नल हा दुसरा परीक्षक. डिरेलरचा गिअर चेन फिरत असतानाच बदलतो. करकचून ब्रेक मारून वरच्या गिअरमध्ये थांबलात, तर निघतानाही वरच्याच गिअरमध्ये निघावं लागतं. मागच्या चाकात थ्रॉटलवाली मोटर असेल, तर ती तेवढा धक्का देते. मधल्या मोटरवर मात्र वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळणं म्हणजे चेन, चकती आणि कंट्रोलर तिघांचं आयुष्य कमी करणं. हब गिअर उभ्या उभ्या बदलतो. लाल दिव्याला थांबलात, खटका एकवर आणला, हिरवा झाला की निघालात. कर्वे रस्ता किंवा लालबहादूर शास्त्री रस्त्यावरून कामावर जाणाऱ्याला या एका सोयीचं मोल रोज कळतं. ज्येष्ठांसाठी तर मी हीच सोय सर्वांत वरची मानतो, कारण निघताना तोल जाण्याचा धोका त्याने कमी होतो.

दुरुस्तीच्या बाबतीत पारडं सरळ डिरेलरकडे झुकतं. सात चक्रांचा साधा डिरेलर तालुक्याच्या गावी मिळतो, तो सेट करणारा मुलगाही मिळतो. हब गिअर आपल्या दुकानांत क्वचित दिसतो. तो मागवावा लागतो, नाहीतर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगावा लागतो, आणि तो उघडलेला कारागीर शोधावा लागतो. जुन्या पेठांत साठीच्या पुढचे काही कारागीर आहेत, ज्यांनी उमेदीत विलायती सायकलींचे स्टर्मी-आर्चर उघडून धुतलेले आहेत. त्यांच्या हाताला अजून त्या चक्रांची ओळख आहे. त्या सायकली कशा होत्या हे पाहायचं असेल, तर कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय जरूर पाहावं. हबला नेहमी उघडावं लागत नाही, हेही तितकंच खरं. त्याच्या बहुतेक तक्रारी वायर सैल किंवा घट्ट झाल्याच्या असतात. सात-आठ गिअरच्या नेक्ससला चौथा गिअर टाकून हबजवळच्या दोन रंगीत रेघा समोरासमोर आल्या की झालं. जुन्या एडब्ल्यूमध्ये वायर चुकली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा येते, पायडल पुढे निसटतं आणि माणूस दांड्यावर आदळतो. नव्या बनावटीत ही खोड काढली आहे. जुना हब वापरणाऱ्याने वायर दर महिन्याला तपासावी.

पंक्चरची भीती लोक उगाच घालतात. आपला रस्त्यावरचा पंक्चरवाला चाक काढतच नाही. टायर एका बाजूने सोडवून ट्यूब बाहेर ओढतो आणि जागेवर ठिगळ लावतो. ट्यूब बदलायचीच वेळ आली तर मात्र मोटरच्या चाकाला आणि हब गिअरच्या चाकाला दोन्हीकडे पाना लागतो, वायर सोडवावी लागते, वॉशर पुन्हा त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने लावावे लागतात. पाना सायकलीवर ठेवा.

हे सगळं ठरवूनही शेवटी फ्रेम काय म्हणते ते पाहावं लागतं, आणि कित्येकदा तीच निकाल देते. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या खाचा आडव्या असतात. हब गिअरला तेच हवं, चाक मागे ओढून चेन ताणता येते. पण तिला डिरेलर अडकवायचा कान नसतो, वेगळी पट्टी लावावी लागते. नव्या फ्रेमच्या खाचा उभ्या असतात, तिथे हब गिअर घातला तर चेन ताणणारा वेगळा भाग लागतो, पण डिरेलरचा कान तयार असतो. मागच्या चाकाची मोटर बहुधा 135 मिलिमीटर रुंदीची असते, जुन्या सायकलीची मागची जागा त्याहून बरीच अरुंद. लोखंडी फ्रेम जाणत्या हाताने थोडी फाकवता येते, अॅल्युमिनियमची फाकवू नये, ती तडकते. हाच नियम पुढच्या चिमट्याला. पुढची मोटर लोखंडी चिमट्यातच बसवावी आणि आस फिरू नये म्हणून दोन्हीकडे पीळपट्टी लावावी. अॅल्युमिनियमच्या किंवा सस्पेन्शनच्या चिमट्याची खाच मोटरच्या पिळाने फाटली, तर चालत्या सायकलीचं पुढचं चाक निघतं. स्वस्तात संच बसवून देणाऱ्यांपैकी काही जण ही पट्टी लावतच नाहीत, हे मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल गप्प राहणं मला योग्य वाटत नाही. मधल्या मोटरसाठी बीबीच्या नळीची रुंदी मोजा, 68 ते 73 मिलिमीटरच्या नळीत ती बसते. आणि जुन्या सायकलीचे सळईचे ब्रेक ओल्या, चकचकीत रिमवर पंचवीसच्या वेगात पुरेसे नाहीत. मोटरच्या आधी ब्रेक बदला.

तर माझा कौल असा. सांगली, मिरज, नागपूर, पुण्याचा पेठांचा भाग अशा सपाट वाटा, जुनी लोखंडी सायकल, पावसातही रोजचा वापर: पुढच्या चाकात 250 वॉटची मोटर आणि मागे तीन गिअरचा हब. याहून शहाणी जोडणी मला माहीत नाही. हातात नवी, सात गिअरची सायकल असेल आणि वाटेवर एखाददुसरा चांदणी चौक असेल, तर मागच्या चाकात मोटर आणि आहे तोच डिरेलर, फक्त फ्रीव्हील 34 दात्यांचं. घाट, कोकण, लांबचे प्रवास यांसाठी मधली मोटर आणि सात किंवा आठ चक्रांचा डिरेलर, लोखंडी चकत्या, अकरा दात्यांची सगळ्यात छोटी चकती शक्यतो न वापरता. मधली मोटर आणि हब गिअर ही जोडी सुंदर चालते, पण फक्त त्याच्यासाठी, जो दात्यांचं प्रमाण पाळेल, सेन्सर बसवेल आणि 250 वॉटच्या वर जाणार नाही.

कोणतीही जोडणी घ्या, शाळेतली फूटपट्टी घेऊन दर दोन महिन्यांनी चेन मोजा. एका पिनेच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. एक सोळांश इंच वाढली की चेन बदला. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलात, तर चेनबरोबर चकत्याही बदलाव्या लागतील.